पोस्टरमध्ये बाई मानेपाशीच का संपते?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

राष्ट्रीय बालिका दिनाच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपातांविरुद्धच्या, जिल्ह्यातल्या शालेय पोस्टर स्पर्धेची बक्षीसपात्र चित्रं छापून आली. हात चांगले आहेत. जलरंगाचे वॉश स्वच्छ बसलेत, अक्षरं रेषेवर आहेत, एका मुलीने काळ्या पार्श्वभूमीत पांढरा कागद मोकळा सोडून फार सुरेख काम केलंय. पण त्या सगळ्या चित्रांत मिळून बाईचा एकही पूर्ण चेहरा नाही. पोट आहे, पोटात अंगठा चोखणारं बाळ आहे, बाळाच्या तोंडी 'आई, मला मारू नकोस' आहे आणि कोपऱ्यात थेंब गाळणारी कात्री आहे. बाई मानेपाशी संपते.

दोष मुलांचा नाही. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, एसटी स्टँडच्या फलकावर, रिक्षाच्या मागे त्यांनी हाच साचा पाहिलेला असतो आणि बक्षीसही दरवर्षी त्यालाच मिळतं. चित्रकला शिकवणारे आणि अशा स्पर्धांच्या परीक्षणाला बसणारे म्हणून आमचं म्हणणं असं, की हा साचा चित्र म्हणून कच्चा आहे आणि माहिती म्हणून चुकीचा. याच विषयाच्या जवळ जाऊन बाईला पूर्ण चौकटीत आणणारं काम बघायचं असेल, तर पाउला रेगो या पोर्तुगीज चित्रकर्तीची १९९८-९९ मधली गर्भपातावरची पेस्टल, म्हणजे रंगीत खडूची, चित्रं शिक्षकांनी आणि आपल्यासारख्या संपादकांनी समोर ठेवावीत.

आधी साच्याविषयी. लिंगनिदान करून होणारा गर्भपात बहुधा तिसऱ्या ते पाचव्या महिन्यातला. बारा आठवड्यांचा गर्भ डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर भरतो. पोस्टरवर मात्र दिवस भरलेलं, गुटगुटीत बाळ असतं. नाळ बेंबीतून निघते आणि हवेतच विरते. वार नाही, गर्भाशयाची भिंत नाही. १९६५ साली 'लाइफ' या अमेरिकी साप्ताहिकात लेनार्ट निल्सन या स्वीडिश छायाचित्रकाराची गर्भाची रंगीत छायाचित्रं आली आणि तेव्हापासून गर्भ काळ्या पोकळीत, एकटा, बाईपासून सुटा दाखवायची रीत जगभर पसरली. त्यांतली बरीच छायाचित्रं शरीराबाहेर आलेल्या गर्भांची होती, हे पोस्टर काढणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही.

आता ते वाक्य. 'आई, मला मारू नकोस' म्हटलं की आरोपी ठरली आई. आपला कायदा असं मानत नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचं कलम २४ उघडून पाहावं. चाचणी झाली असेल तर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनीच बाईला ती करायला भाग पाडलं, असं न्यायालयाने गृहीत धरायचं. उलट सिद्ध करायचं तर ते समोरच्याने करावं. शिक्षा चाचणी करणाऱ्या डॉक्टरला आणि ती मागणाऱ्याला. महाराष्ट्राने तर असा कायदा १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी केला. कायद्याने जिला पिंजऱ्याबाहेर ठेवलं तिलाच पोस्टर पिंजऱ्यात उभं करतं. सोनोग्राफीचा प्रोब धरलेला हात, पैसे मोजणारा हात, 'या खेपेला मुलगाच हवा' म्हणणारं तोंड, यांतलं काहीच चौकटीत नसतं. कात्री तेवढी असते, आणि तीही शिंप्याची.

प्रश्न खोटा आहे असं कोणी म्हणू नये. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. मुलगी नको म्हणून होणारे गर्भपात थांबलेच पाहिजेत. पण भिंतीवर वर्षानुवर्षं 'गर्भपात म्हणजे खून' अशा धाटणीचं चित्र पाहिलेल्या बाईचा समज होतो की आपल्याकडे गर्भपातच बेकायदा आहे. मग ती सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. कोणाकडून तरी गोळ्या आणते किंवा एखाद्या भोंदूकडे जाते. वास्तविक वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही हाच हक्क दिला. लिंगनिदान हा गुन्हा आणि कायद्याच्या चौकटीतला गर्भपात हा हक्क, या दोन गोष्टी एका कात्रीत बांधल्या की नुकसान बाईचं होतं.

पोर्तुगालमध्ये गर्भपात खरोखरच गुन्हा होता. १९८४ च्या कायद्याने बाईच्या जिवाला धोका, बलात्कार, गर्भातलं व्यंग असे मोजके अपवाद केले होते, बाकी सगळं चोरून. २८ जून १९९८ रोजी गर्भपाताला मोकळीक द्यावी का यावर सार्वमत झालं. मतदान झालं जेमतेम ३२ टक्के, आणि 'नको' म्हणणारे निसटत्या फरकाने जिंकले. निम्म्याहून कमी मतदान म्हणजे कौल बंधनकारक नव्हता, तरी सरकारने विषय गुंडाळला. लोक घरात बसून राहिले याचा रेगोला संताप आला आणि तिने ही चित्रं काढायला घेतली.

तिचा जन्म १९३५ चा, लिस्बनचा. म्हणजे वाढ हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत. गोव्यातल्या जुन्या वाचकांना या नावाची ओळख करून द्यायला नको. त्या राजवटीत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय परदेशी जाता येत नसे. रेगो १९५२ ते ५६ लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकली, पुढे काही वर्षं एरिसेइरा या मासेमारांच्या गावात राहिली. चोरून केलेल्या गर्भपातांनी बायकांची काय गत होते ते तिने तिथे पाहिलं. इंग्लंडमध्येही १९६७ चा कायदा येईपर्यंत हीच तऱ्हा होती, आणि विद्यार्थिदशेत आपणही त्यातून गेलो हे तिने मुलाखतींत लपवलं नाही. २०२२ मध्ये ती लंडनला वारली.

चित्रं दहा. त्यांतल्या तीन भागांच्या चित्राचा एकेक भाग ११० बाय १०० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या पूर्ण इम्पीरियल कागदाच्या दुपटीहून जास्त. बहुतेकांचं नाव 'शीर्षकाविना' आणि पुढे नुसता क्रमांक. खोली साधी. पलंग, बादली, घमेलं, टॉवेल, घडीच्या खुर्च्या. एका चित्रात शाळेच्या गणवेशातली मुलगी आहे, एकात बाई बादलीवर बसली आहे, एकात पाठीवर पडून दोन्ही पाय दोन खुर्च्यांवर टेकवले आहेत. गर्भ कुठेही नाही. पुरुष नाही, डॉक्टर नाही, हत्यार नाही. रक्त तिने मुद्दाम टाळलं, कारण किळस आली की बघणारा तोंड फिरवतो आणि त्याची सुटका होते. बाईचा चेहरा मात्र आहे, आणि काही चित्रांत ती थेट आपल्याकडे बघते. त्या नजरेत दयेची याचना नाही. आमच्या मते दहा चित्रांतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. वेदना दाखवायची म्हटलं की हात आपोआप मिटलेले डोळे, वर उचललेल्या भुवया, गालावरचा अश्रू काढायला जातो. रेगोच्या बायकांचे जबडे आवळलेले आहेत. दुखतंय हे आपल्याला कळतं ते मांडीत रुतलेल्या बोटांवरून, चादर धरलेल्या मुठीवरून.

ही ताकद विषयातून आपोआप आली असं समजायचं कारण नाही. ती कागदावर, खडूच्या दाबात आहे, आणि शिकवता येते. म्हणून थोडं तपशिलात सांगतो.

रेगोने हे काम मनाने काढलेलं नाही, समोर मॉडेल बसवून काढलंय. लिला नुनेश ही पोर्तुगीज स्त्री १९८५ मध्ये रेगोच्या आजारी नवऱ्याच्या शुश्रूषेसाठी घरात आली आणि पुढे कित्येक वर्षं तिची मुख्य मॉडेल झाली. १९९४ च्या 'डॉग वुमन'मध्ये, जिथे बाई उकिडवी बसून गुरगुरते आहे, तीही लिलाच. बादली, खुर्च्या, कपडे सगळं स्टुडिओत प्रत्यक्ष मांडलेलं. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएटला स्मरणचित्र असतं, त्याच्या सरावात मुलांच्या हातात बाईचे तीन-चार ठोकळे बसतात: कमरेवर घागर, डोक्यावर पदर, भाजीवाली, चुलीपाशी वाकलेली. पोस्टरसाठी बाई काढायची वेळ आली की तोच ठोकळा उतरतो, आणि त्याला सांगायला काही नसतं म्हणून मुलं पोटाकडे वळतात.

यावर उपाय महागडा नाही. पूर्ण कपड्यांतली, सज्ञान आणि राजी असलेली मॉडेल वर्गात बसवावी. एखादी शिक्षिकाही चालेल. पाट, उलटी बादली, घडीची खुर्ची पुरे. सुरुवातीला पाच-पाच मिनिटांच्या चार पोझ, मग वीस मिनिटांच्या दोन, मध्ये विश्रांती. उकिडवं बसवायचं असेल तर वीस मिनिटं कोणालाही जमत नाही. दहावर थांबवा, पाय कुठे होते ते खडूने जमिनीवर आखून ठेवा आणि विश्रांतीनंतर त्याच खुणांवर बसवा. या खुणा विसरल्या की दुसऱ्या बैठकीला गुडघा चार बोटं सरकतो आणि अर्धा वर्ग खोडरबर काढतो.

उकिडव्या बैठकीत मुलांच्या चुका ठरलेल्या. नितंब फार वर काढतात, पावलं बाहुलीएवढी करतात, डोकं मोठं होतं. उभी बाई साधारण साडेसात डोकी उंच धरतो, उकिडवी बसलेली चार डोक्यांच्या आसपास येते. पेन्सिल हात लांब करून धरून हे आधी मोजून घ्यावं. मग दोऱ्याला खिळा बांधून ओळंबा करावा आणि गळ्याच्या खळगीच्या रेषेत धरून तो कुठे पडतो ते बघावं. पावलांच्या बाहेर पडला तर कागदावरची बाई पडणार, कितीही छान छटा दिल्या तरी. भार टाचेवर आहे की चवड्यावर, हे पोटरीच्या फुगवट्यावरून कळतं. चवड्यावर बसलेली बाई ताणात असते, टाच टेकलेली बाई सरावाची असते. आपल्याकडे भांडी घासणाऱ्या, निवडायला बसणाऱ्या बायका टाच टेकून तासन्‌तास बसतात. हा फरक काढता आला की निम्मी गोष्ट सांगून झाली.

काढणाऱ्याची डोळ्याची पातळीही ठरवून घ्यावी. विद्यार्थी उभा राहून बसलेल्या बाईला काढतो तेव्हा डोकं मोठं, पाय आखूड आणि एकूण बाई बिचारी दिसते. त्याला जमिनीवर बसवा, चेहऱ्याच्या समोरासमोर आणा. नजरेला नजर भिडवून काढलेलं चित्र केविलवाणं होत नाही.

साहित्य. रेगोने वापरले ते सुके, भुसभुशीत सॉफ्ट पेस्टल. शाळेत मिळणारे तेलकट ऑइल पेस्टल वेगळे. सॉफ्ट पेस्टलमध्ये रंगद्रव्य फार आणि डिंक अगदी थोडा, त्यामुळे रंग ताजा राहतो पण कागदावर नुसता टेकलेला असतो. रेगोचा कागद अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवलेला असे. असा कडक पाठिंबा असला की खडू जोर लावून दाबता येतो. नुसत्या कागदावर तेवढा दाब दिला तर तो लवतो, चुरगळतो, कडेला फाटतो. वर्गात पत्रा आणायची गरज नाही. ३०० ग्रॅमचा कागद जाड एमडीएफवर पिठाच्या खळीने चिकटवा, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला चिकटवला तर वाळताना फळी वाकते. वरून जेसोत, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तरात, थोडी बारीक संगमरवराची पूड मिसळून दोन पातळ हात द्या, म्हणजे कागदाला दात येतात आणि खडूचे पाच-सहा थर धरतात. साध्या कार्ट्रिज कागदावर दुसऱ्या-तिसऱ्या थरालाच दात भरून जातात, पुढचा खडू नुसता घसरतो.

गडदापासून उजेडाकडे जावं. आधी कठीण खडू किंवा कोळशाने बांधणी, मग मऊ. बोटाने घासायचा मोह आवरावा. घासलं की कातडी गुळगुळीत होते, दागिन्यांच्या जाहिरातीतल्यासारखी, आणि मांडीचं वजन निघून जातं. रेगोच्या चित्रांत खडूचे फटकारे शेवटपर्यंत दिसतात. गुडघ्यावर, मनगटावर ते आडवे-उभे एकमेकांवर चढतात. फिक्सेटिव्ह, म्हणजे खडू पक्का करणारा फवारा, हलक्या हाताने, हातभर अंतरावरून, एका वेळी एकच थर. जास्त मारलं तर उजेड काळवंडतो. हेअर स्प्रे अजिबात नको, काही वर्षांत पिवळा पडतो. फ्रेम करताना काच आणि चित्र यांत पाचेक मिलिमीटरची फट ठेवा, आणि काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट लावू नका. तिच्यातल्या स्थिर विजेने खडूची पूड उडून आतून चिकटते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगलं तर बुरशी ठरलेली.

पेस्टलची अडचण ही की ते एकच असतं आणि हलवायला घाबरायला होतं. रेगोने हाच विषय एचिंगमध्ये, म्हणजे पत्र्यावर आम्लाने कोरून छापायच्या चित्रांतही केला, म्हणजे चित्राच्या प्रती निघून ते दूरवर जावं. पद्धत आपल्या कलामहाविद्यालयांत शिकवतात तीच. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यात सुईने रेषा, मग आम्लाचं स्नान. तांब्याला फेरिक क्लोराइड, जस्ताला पातळ नायट्रिक. बारीक रेषा काही मिनिटांत बाहेर काढून वॉर्निशने झाकायची, गडद हवी ती अर्धा-पाऊण तास आत ठेवायची. सपाट करड्या छटेसाठी अ‍ॅक्वाटिंट: राळेची पूड पत्र्यावर सारखी पसरून खालून ऊब द्यायची. ऊब जास्त झाली तर राळ वितळून सलग होते आणि आम्ल आत शिरतच नाही; कमी पडली तर कण धुऊन जातात आणि पत्रा ठिपक्याठिपक्यांनी कुरतडला जातो. छापताना चित्र उलटं येतं, म्हणून डावीकडे बघणारी बाई उजवीकडे बघू लागते. नजरेवर सगळा भार असलेल्या चित्रात हे आधी आरशात बघून ठरवावं लागतं. शाळेत आम्ल आणू नये. तिथे लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापायचं चित्र, करावा. त्याच्या काळ्या-पांढऱ्या रेषेत ताकद आहे आणि पुढे येणारी छपाईची अडचणही त्याने सुटते.

आता आपल्याकडे येतो, संपादक महोदय. ११ फेब्रुवारी २००७ ला पोर्तुगालमध्ये दुसरं सार्वमत झालं. मधल्या काळात माया या शहरात सतरा स्त्रियांवर गर्भपाताचा खटला चालला होता आणि त्यांना मदत करणाऱ्या परिचारिकेला साडेआठ वर्षांची शिक्षा झाली होती. दुसऱ्या सार्वमताआधी रेगोची ही चित्रं पोर्तुगीज वृत्तपत्रांत छापली गेली. सुमारे ५९ टक्के मतं 'हो' पडली. मतदान तेव्हाही निम्म्याहून कमीच होतं, पण या वेळी संसदेने कायदा केला आणि दहा आठवड्यांपर्यंत बाईच्या इच्छेवर गर्भपात मोकळा झाला. चित्रांनी कायदा बदलला असं कोणी म्हटलं तर ते आम्हाला अतिशयोक्त वाटतं. पक्ष, संघटना, खटल्यांवरची चीड, सगळंच त्यात होतं. पण वृत्तपत्रात भ्रूणाऐवजी बाईचा चेहरा छापला गेला, ही गोष्ट लहान नव्हती.

तो चेहरा आपल्या पुरवणीत छापला असता तर दिसला असता का, याची आम्हाला शंका आहे. बालिका दिनाची चित्रं मोबाइलवर तिरकी काढलेली, दोन कॉलमांत कोंबलेली, एकावर तर मथळ्याचा पट्टा चढलेला. न्यूजप्रिंट हा पातळ, शोषून घेणारा कागद, त्यावर शाईचा ठिपका पसरतो. मधल्या छटा पाव हिश्शाहूनही जास्त गडद होतात, ऐंशी-पंच्याऐंशी टक्के काळेपणाच्या वरचं सगळं काळं भरून येतं आणि पाच टक्क्यांखालचं उडून जातं. पेस्टल किंवा कोळशाचं चित्र म्हणूनच चिखल होतं. असं चित्र दिवसाच्या सारख्या उजेडात, कॅमेरा चित्राशी काटकोनात धरून घ्यावं, मधल्या छटा पडद्यावर फिक्या वाटतील इतक्या उचलाव्यात आणि निदान चार कॉलम द्यावेत. रेघेचं काम, म्हणजे एचिंग, लिनोकट, शाईचं रेखाटन, याला हाफटोन स्क्रीनची, म्हणजे छटा ठिपक्यांत मोडणाऱ्या जाळीची, गरजच नसते. ते १२०० डीपीआयला, करड्या छटांशिवाय निव्वळ काळं-पांढरं स्कॅन करून लाइनवर्क म्हणून लावलं तर रेघ ताठ उमटते. तेच जेपीजी करून स्क्रीनमधून काढलं की प्रत्येक रेघेच्या कडेला ठिपक्यांची झालर येते.

कातरकाम तर अजिबात नको. पान लावताना जागा कमी पडली की आधी जातात ती पावलं, मग डोकं. रेगोच्या चित्रात चेहरा आणि बादली एकाच चौकटीत आहेत, म्हणून अर्थ आहे. बादली कापली तर एक थकलेली बाई उरते, चेहरा कापला तर आपलं पोस्टर. चित्राखाली चित्रकाराचं नाव, माध्यम, आकार, वर्ष द्यावं. आकार दिला नाही तर मीटरभर उंचीची बाई वाचकाला पोस्टकार्डाएवढी वाटते. परदेशी चित्रकाराचं काम छापण्याआधी हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते. जालावरून उचललेली प्रतिमा लहान असते आणि बहुतेकदा कडेने कापलेलीच असते.

रेगोच्या पद्धतीवर एक वाजवी आक्षेप घेता येतो, तो इथेच नोंदवतो. तिची चित्रं आक्रमक आहेत, पाहुण्यांसमोर टांगायची नाहीत, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांसमोर गर्भपाताची चित्रं ठेवावीत का, असं पालक विचारतील. आम्हीही ती आठवीच्या वर्गात ठेवणार नाही. कलामहाविद्यालयात जरूर ठेवू. शाळेत तिचंच १९८७ चं दुसरं चित्र पुरतं: पांढऱ्या झग्यातली पोलिसाची मुलगी बापाच्या उंच बुटात कोपरापर्यंत हात घालून तो घासते आहे. मारहाण नाही, रडणं नाही. घरात सत्ता कोणाची, ते बूट आणि हात सांगतात. तिसरीतल्या पोरालाही ते कळतं.

मुलांना विषय द्यायचा तो असा द्यावा. सोनोग्राफी केंद्राबाहेरचं बाकडं काढा. भिंतीवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही कायद्याने सक्तीची पाटी आहे. बाकावर कोण बसलंय, कोण उभं आहे, फाइल कोणाच्या हातात आहे, फोनवर कोण बोलतंय, बाई कुठे बघते आहे? किंवा दुसऱ्या मुलीच्या बारशाची खोली: पाळण्याच्या आसपास कोण आहे आणि दारातून मागे कोण फिरतंय. किंवा तीन मुलींनंतर पुन्हा दिवस गेलेली बाई, सकाळी सहा वाजता, स्वयंपाकघरात. यात कुठेही कात्री लागत नाही. एकच बाई, पूर्ण, डोक्यापासून पावलांपर्यंत, असा दंडक घातला तरी पुष्कळ फरक पडेल.

परीक्षणाचा तक्ताही बदलावा लागेल. सध्या गुण विषयाची मांडणी, रंगसंगती, अक्षरलेखन आणि स्वच्छता यांना विभागून जातात, आणि घोषवाक्य ठळक असलं की मांडणीचे गुण आपसूक मिळतात. निम्मे गुण निरीक्षणाला द्यावेत: शरीराचा भार बरोबर आहे का, हात काही करताहेत का, वस्तू खऱ्या आहेत का. घोषवाक्य ऐच्छिक करावं. भ्रूणाचं चित्र असलेली पोस्टरं बाद करू नयेत. मुलांनी शिकवलं तेच काढलं. पण त्यांना पहिला क्रमांक देणं थांबवावं, आणि 'आई, मला मारू नकोस' हे वाक्य नियमपत्रिकेतल्या नमुना-घोषवाक्यांतून आयोजकांनी काढून टाकावं. त्या जागी कायदा छापता येईल: लिंगनिदान मागणाऱ्यालाही शिक्षा आहे.

आपल्या वृत्तपत्राने पुढच्या वर्षी पूर्ण पान देऊन तीनच चित्रं मोठी छापली तर स्कॅनिंगचं काम आम्ही विनामूल्य करून देऊ. मूळ चित्रं एका दिवसासाठी लागतील, पेस्टल असतील तर मध्ये बटर पेपर घालून, आडवी, गुंडाळी न करता. स्पर्धेची पत्रकं शाळांत साधारण दिवाळीच्या सुटीनंतर जातात. नियम बदलायचे तर आयोजकांपर्यंत ही सूचना त्याआधी पोहोचायला हवी.

आपले,
दोन कलाशिक्षक
(नावं प्रसिद्ध करू नयेत)